ट्रॅक्टरमध्येही नको, घंटागाडीतही नको: सोलापुरात घर रिकामं करताना

अमेरिकेत घर रिकामं करायचं असलं की दारात मोठा लोखंडी कंटेनर भाड्याने आणून ठेवतात. देणारी कंपनी सोबत यादीही देते: यात टायर टाकायचे नाहीत, ओला रंग टाकायचा नाही, बॅटऱ्या, फ्रीज, गॅसच्या टाक्या टाकायच्या नाहीत. आपल्याकडे फोन केल्यावर येणारा ट्रॅक्टरवाला असली यादी देत नाही. खेपेचा भाव ठरतो, ट्रॉली भरते, तो निघतो. पुढे ती ट्रॉली कुठल्या मोकळ्या प्लॉटवर किंवा नाल्याच्या कडेला उलटी होते ते आपण विचारत नाही आणि तोही सांगत नाही.

त्यामुळे यादी आपल्यालाच करावी लागते. हे लिहिलंय ते सोलापुरात नव्याने राहायला आलेल्यांसाठी, आणि पूर्व भागातलं किंवा कसब्यातलं आजोबांचं घर रिकामं करायची वेळ ज्यांच्यावर पहिल्यांदाच आली आहे त्यांच्यासाठी. जुळे सोलापुरातल्या फ्लॅटमधून निघणारी अडगळ वेगळी आणि साठ-सत्तर वर्षांच्या माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, घरातून निघणारी वेगळी, पण अडचण करणाऱ्या वस्तू दोन्हीकडे साधारण त्याच असतात.

कोण काय घेतं

घंटागाडी रोजच्या ओल्या-सुक्या कचऱ्यासाठी आहे. गाद्या, कपाटं, डबर (पाडकामाचा राडारोडा), फांद्या तिच्यात चढत नाहीत. गाडीवरच्या दादांशी हुज्जत घालून उपयोग नाही, त्यांची गाडी दोन गल्ल्यांतच भरते. पण ज्या वस्तू घंटागाडीत सहज मावतात आणि तरीही टाकायच्या नाहीत, त्यांच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही: ट्यूब, सीएफएल, रंगाचे डबे, मुदत संपलेली औषधं, सुया, पाऱ्याचा थर्मामीटर, सेल, कीटकनाशकाच्या बाटल्या. २०१६ च्या घनकचरा नियमांत याला घरगुती घातक कचरा म्हटलं होतं आणि तो जमा करायला दर २० चौरस किलोमीटरला एक केंद्र महापालिकेने काढायचं असं त्यात लिहिलं होतं. २०२६ च्या नव्या नियमांत वर्गवारी चौपदरी झाली: ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजी घ्यायचा. वरची सगळी यादी या चौथ्यात बसते. तुमच्या भागातला हा चौथा डबा नेमका कुठे रिकामा करायचा हे तुमच्या झोन ऑफिसात जाऊन आरोग्य निरीक्षकाला विचारा. इंद्रभुवनात, म्हणजे महापालिकेच्या मुख्य इमारतीत, हेलपाटा घालायची गरज नाही. गल्लीची माहिती झोनलाच असते.

भंगारवाल्याबद्दल आपल्या लोकांच्या मनात उगाच अढी असते. शहरातलं लोखंड, पुठ्ठा, प्लॅस्टिक पुन्हा वापरात येतं ते त्याच्याच जिवावर. वर्तमानपत्रं, बाटल्या, मोडकी सायकल, ॲल्युमिनियमची भांडी, स्टीलचं कपाट खुशाल त्याला द्या. मात्र तो कशाला पटकन ‘हो’ म्हणतो याकडे लक्ष ठेवा. ज्यात तांबं किंवा शिसं आहे ते तो कधीच नाकारत नाही. धातू काढून घेतला की उरलेलं तिथेच पडतं. जुना पेटीवजा टीव्ही उघडताना एकदा उभं राहून बघा. मागचं झाकण काढतात, काचेच्या नळीची मान हातोडीने उडवतात, तांब्याची कॉइल ओढून काढतात, आणि शिसं मिसळलेली जाड काच उकिरड्यावर जाते. सगळं मिळून चहा प्यायला लागतो तेवढा वेळ.

ट्रॅक्टरमध्ये जायचं ते विटा, माती, फरशीचे तुकडे, गिलावा. बस्स. बाकी ज्या वस्तूंनी अडचण होते त्यांतल्या बऱ्याचशांना चौथं दार आहे, ते म्हणजे ज्या दुकानातून तशी नवी वस्तू मिळते ते दुकान. नव्याने आलेल्यांना हे ठाऊक नसतं आणि जुन्यांच्या लक्षात येत नाही.

आधी वेगळं करा, मग फोन करा

ट्रॅक्टर सांगितल्यानंतर निवडायला बसलात तर काही निवडून होत नाही. गडी ट्रॉलीपाशी उभे, ड्रायव्हर हॉर्न मारतोय, मग घरातला प्रत्येक जण हाताला लागेल ते उचलून टाकतो. निदान आठवडाभर आधी माळा, जिन्याखालची जागा, न्हाणीघरावरचा कट्टा आणि गच्चीवरची खोली बघून घ्या. नको असलेलं हमखास याच चार ठिकाणी साठतं.

काम सोपं आहे. एक कोपरा दुकानात परत जाणाऱ्या वस्तूंचा, एक भंगाराचा, एक द्यायच्या वस्तूंचा. आणि एक झाकणाचं खोकं किंवा जुनी पत्र्याची पेटी, जिच्यावर ठळक लिहायचं: हात लावू नये. ही पेटी सावलीत ठेवा. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४४ पर्यंत जातो आणि पत्र्याच्या खोलीत त्याहून वाईट स्थिती असते. थिनरचा डबा, डासांचा स्प्रे, मोबाइलची फुगलेली बॅटरी गच्चीवर उन्हात ठेवणं म्हणजे आग मागून घेणं. स्प्रेचा डबा रिकामा वाटला तरी त्याला खिळा मारू नका, आत दाब असतो.

फुगलेल्या बॅटरीचं थोडं वेगळं आहे. ती दाबायची नाही, टोचायची नाही, चार्ज करायची नाही. डालड्याच्या किंवा बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात कोरडी वाळू घालून तिच्यात पुरा आणि डबा घराबाहेर सावलीत ठेवा. मग मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे किंवा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला न्या.

दुकानात परत जाणाऱ्या वस्तू

पहिली इन्व्हर्टरची बॅटरी. हिच्यात शिसं आणि गंधकाम्ल, म्हणजे सल्फ्युरिक ॲसिड. दीडशे एएचची बॅटरी पन्नास किलोच्या पुढे भरते, एकट्याने उचलायला जाऊ नका. नवी घेताना दुकानदाराला दोन भाव विचारा, जुनी देऊन आणि न देता. त्या दोन्हींतला फरक हाच तुमच्या जुन्या बॅटरीचा भाव. नवी घ्यायची नसेल तरी बॅटरीची बरीच दुकानं जुनी विकत घेतात, आणि २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी वापरलेली बॅटरी गोळा करायची जबाबदारी कंपन्यांवर टाकली आहे. गल्लीतला भंगारवाला कधी कधी दुकानापेक्षा शंभर-दोनशे जास्त देतो आणि म्हणतो, ‘पाणी काढून टाकतो अण्णा, मग वजन करू.’ ते पाणी म्हणजे ॲसिड. तो ते तुमच्या दारातल्या गटारीत ओततो, तिथून पुढे त्याचा हिशेब कुणी ठेवत नाही. तिथेच व्यवहार थांबवा. नेताना बॅटरी उभी ठेवायची, दोन्ही टर्मिनलवर चिकटपट्टी लावायची आणि छोट्या हत्तीत किंवा रिक्षात आडवी होणार नाही अशी बांधायची. ॲसिड सांडलंच तर त्यावर खाण्याचा सोडा पसरा, फसफस थांबली की मग भरपूर पाण्याने धुवा. हातात रबरी मोजे असू द्या.

मग टीव्ही, फ्रीज, वॉशिंग मशीन, कॉम्प्युटर, मिक्सर, चार्जरच्या वायरींचा गुंता. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत १०६ प्रकारची उपकरणं आहेत, म्हणजे घरातलं जवळपास सगळंच. नवीन घेणार असाल तर एक्स्चेंजमध्ये देणं सगळ्यात कमी त्रासाचं. नवीन घ्यायचं नसेल तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर अधिकृत ई-कचरावाल्यांची यादी असते. मंडळाचं उपप्रादेशिक कार्यालय सोलापुरातच आहे, तिथेही विचारता येतं. एकट्यादुकट्या मिक्सरसाठी कुणी गाडी पाठवत नाही, म्हणून अपार्टमेंटमध्ये राहत असाल तर सोसायटीच्या ग्रुपवर टाका. दिवाळीच्या सफाईआधी दहा-वीस घरांचं एकत्र झालं की गाडी बोलावणं परवडतं.

फ्रीजची तांब्याची नळी कापू देऊ नका. फार जुन्या फ्रीजमध्ये ओझोनचा थर खाणारा गॅस असतो, अलीकडच्या बऱ्याच फ्रीजमध्ये आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन असतो आणि तो पेट घेतो. भंगारवाल्याला नळी कापायची घाई असते कारण त्याला कॉम्प्रेसर हवा असतो. एसी-फ्रीज दुरुस्त करणारा मेकॅनिक गॅस काढून घेऊ शकतो का ते आधी विचारा. फ्रीज बोळात पडून राहणार असेल तर दार बिजागरीतून काढून ठेवा. लपाछपी खेळताना पोरं आत शिरतात, आणि जुन्या फ्रीजचं दार आतून उघडत नाही.

कॉम्प्युटर, लॅपटॉप देताना हार्ड डिस्क काढून घ्या. नुसतं डिलीट केलेलं परत काढता येतं. जुना फोन देताना खातं लॉगआउट करून फॅक्टरी रिसेट मारा, सिम आणि मेमरी कार्ड बाहेर आहे ना बघा.

गॅसची टाकी तुमची नसतेच, ती कंपनीची असते. तुम्ही भरलेलं ते डिपॉझिट. आजीच्या नावावरचं कनेक्शन बंद करायचं असेल तर टाकी आणि रेग्युलेटर घेऊन ज्या एजन्सीचं कनेक्शन आहे तिच्याकडे जा. सोबत कनेक्शन घेतानाची पावती, म्हणजे सबस्क्रिप्शन व्हाउचर, न्या. डिपॉझिट परत मिळतं. पावती सापडत नसेल तर प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. नाव असलेली व्यक्ती हयात नसेल तर मृत्यूचा दाखला आणि वारसाची कागदपत्रं जोडायची तयारी ठेवा. डिपॉझिट जुन्या काळातलं असेल तर रक्कम बघून हसू येईल, पण टाकी भंगारात विकणं हा गुन्हा आहे आणि ती कापताना स्फोट होतो, तेव्हा हेलपाटा घालाच.

ट्यूब, औषधं, सुया

एलईडी आल्यापासून ट्यूब बदलणं बंद झालं, पण माळ्यावर जुन्या ट्यूबांची मोळी अजून बऱ्याच घरांत आहे. ट्यूब आणि सीएफएलमध्ये थोडासा पारा असतो, काही मिलिग्रॅम. अख्खी ट्यूब धोक्याची नाही, फुटली की पाऱ्याची वाफ बाहेर येते. म्हणून फोडून पोत्यात भरायची नाही. जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळा, असेल तर लांब पुठ्ठ्याच्या नळकांड्यात घाला आणि त्या पेटीजवळ उभी ठेवा.

फुटलीच तर आधी पंखा बंद करा. खिडक्या उघडून सगळ्यांनी पंधराएक मिनिटं खोलीबाहेर थांबायचं. केरसुणी फिरवायची नाही, व्हॅक्यूम क्लीनर तर मुळीच नको, त्याने पारा घरभर होतो. दोन पुठ्ठ्यांनी तुकडे गोळा करा, बारीक कण चिकटपट्टीने टिपा, मग ओल्या कागदाने जागा पुसा. काच, पट्टी, कागद, सगळं झाकणाच्या बरणीत. थर्मामीटर फुटला तरी याच क्रमाने जा. पाऱ्याचे मणी पुठ्ठ्याने एकत्र ढकलून बरणीत घ्यायचे. ते चकचकीत मणी मुलांना खेळायला हवे असतात. द्यायचे नाहीत.

औषधांचा डबा प्रत्येक घरात असतो. केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेने मे २०२५ मध्ये जे मार्गदर्शन काढलं त्यात १७ औषधं संडासात टाकून पाणी सोडावं असं सांगितलंय. ती फेंटॅनिल, मॉर्फिन, ट्रॅमाडॉल यांसारखी आहेत, चुकून दुसऱ्याच्या पोटात गेली तर जीव जाऊ शकतो अशी. घरात कॅन्सरचा रुग्ण होऊन गेला असेल तर ही निघण्याची शक्यता जास्त. बाकीची औषधं, खासकरून अँटिबायोटिक, गटारीत सोडायची नाहीत. ओळखीच्या मेडिकलवाल्याला विचारा, काही जण परत घेतात. कुणीच घेत नसेल तर गोळ्या पाकिटातून काढा, उकळलेल्या चहाच्या चोथ्यात आणि मातीत कालवा, पिशवीत घट्ट बांधून चौथ्या डब्यात टाका. रिकामी पाकिटं कात्रीने कापा. अख्खं पाकीट कचऱ्यात सापडलं की ते पुन्हा कुणाच्या तरी हातात जातं.

इन्सुलिनच्या सुया जाड प्लॅस्टिकच्या बरणीत, टोपण घट्ट लावून, वर ‘सुया’ असं लिहून ठेवा. बरणी पाऊण भरली की तुमच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात द्या. दवाखान्याचा जैववैद्यकीय कचरा वेगळा उचलला जातो, त्यात ती जाते. नुसत्या पिशवीत टाकलेली सुई घंटागाडीवरच्या माणसाच्या हातात घुसते. त्याच्याकडे हातमोजे असतीलच असं नाही. डायपर आणि सॅनिटरी पॅडही कागदात गुंडाळून वेगळे द्यायचे, हे आता नियमातच आहे.

रंग, रसायनं आणि पूर्व भागातला एक डबा

उरलेला रंग फेकण्याआधी रंगाऱ्याला विचारा. झाकण घट्ट असलेला ऑइलपेंट तो घेऊन जातो. गेट, ग्रिल, सायकल, कुंड्या कशालाही लागतो. डिस्टेंपर किंवा प्लॅस्टिक पेंट तळाशी उरला असेल तर त्यात वाळू कालवून झाकण उघडं ठेवा. आपल्याकडच्या उन्हात तो दोन-तीन दिवसांत दगड होतो, मग डबा त्या पेटीत जातो. ऑइलपेंट आणि थिनर मात्र गटारीत नको आणि मातीतही नको. ब्रश धुतलेलं टर्पेंटाइन बरणीत रात्रभर ठेवलं तर गाळ खाली बसतो आणि वरचं स्वच्छ पुन्हा वापरता येतं. खालचा गाळ पेटीत.

रंगवलेल्या जुन्या फळ्या, चौकटी बंबात घालायची सवय आपल्याकडे अजून आहे. घालू नका. घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा आली ती नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीच्या ऑइलपेंटमध्ये शिसं किती असेल सांगता येत नाही, आणि जाळलं की ते धुरात येतं. अशा चौकटी सुक्या पॉलिश पेपरने घासायच्याही नाहीत, घासायच्या तर ओल्या.

आता पूर्व भागातल्या घरांविषयी. ज्या घरात कधीकाळी माग होते, सूत रंगवलं जायचं, तिथे मागच्या खोलीत रंगाच्या भुकटीचे डबे, कॉस्टिक सोडा आणि हायड्रो (सोडियम हायड्रोसल्फाइट) निघतं. चादरी-टॉवेलच्या सुताला पक्का रंग द्यायला हे दोन्ही लागायचं, अजूनही लागतं. कॉस्टिकने कातडी भाजते हे बहुतेकांना माहीत असतं. हायड्रोचं वागणं लक्षात येत नाही. ही पांढरी भुकटी कोरडी असेपर्यंत गप्प असते, ओल लागली की आपोआप तापते, गंधकाचा झोंबणारा वास सुटतो आणि पेटही घेऊ शकते. म्हणून गंजलेला, ठिपके पडलेला असा डबा सापडला तर ‘पाणी ओतून विरघळवून टाकू’ हा विचार पहिल्यांदा डोक्यातून काढा. ट्रॅक्टरमध्ये ओल्या मातीवर टाकणं म्हणजे तेच. डबा हलवायचा नाही, कोरडा ठेवायचा, पोरांना लांब ठेवायचं आणि ओळखीतून एखाद्या चालू डाय हाऊसच्या, म्हणजे सूत रंगवण्याच्या कारखान्याच्या, मास्तरांना बोलवायचं. त्यांचा हात रोजचा त्यात असतो. चांगला असेल तर ते वापरायला नेतात, खराब असेल तर काय करायचं ते सांगतात. नुसता फोटो पाठवला तरी त्यांना अंदाज येतो.

मागाच्या खोलीतल्या तेलकट चिंध्यांचं बोचकंही एका जागी दाबून ठेवू नका, पसरून वाळवा. मागाचं लाकूड मात्र फेकू नका, सागवान असेल तर सुतार स्वतः घ्यायला येतो.

गावाकडे शेती असेल तर डाळिंबाच्या, द्राक्षाच्या फवारणीच्या अर्ध्यामुर्ध्या बाटल्या शहरातल्या घरातही येऊन पडलेल्या असतात. त्या परत शेतावर न्या आणि लेबलवर सांगितलेल्या पिकावर, सांगितलेल्या प्रमाणात संपवा. मुदत संपली असेल तर कृषी सेवा केंद्रात विचारा. रिकामी बाटली तीनदा विसळायची, विसळलेलं पाणी फवारणीच्या पंपातच ओतायचं, आणि बाटलीला भोक पाडायचं म्हणजे तिच्यात पुन्हा कुणी तेल भरणार नाही.

भोक पाडण्यावरून आठवलं, बॅरल. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे साठवायला निळं बॅरल कुणालाही हवंच असतं. एमआयडीसीतून आलेलं केमिकलचं रिकामं बॅरल तुमच्या घरी निघालं तर ते दारात ठेवताच कुणीतरी मागेल आणि घरी नेऊन पिण्याचं पाणी भरेल. आत काय होतं हे ठाऊक नसेल तर ते तसं देऊ नका. तळाला करवतीने काप घ्या, मग भंगारात द्या. पाण्याचंच जुनं बॅरल असेल तर बेलाशक द्या, देताना झाकण शोधून द्या.

वापरलेलं इंजिन ऑइल कॅनमध्ये भरून तुमच्या नेहमीच्या गॅरेजला द्या. त्यांच्याकडे पिंप असतं आणि ते भरलं की विकलं जातं. उरलेले फटाके बादलीभर पाण्यात रात्रभर बुडवून, ओलेच असताना पिशवीत भरून द्या.

मोठं आणि कुणालाच नको असलेलं

कापसाची गादी फेकणं हा शुद्ध नुकसानीचा धंदा. गादीवाल्याकडे कापूस पिंजून नवी होते, किंवा तिच्या दोन लहान होतात. फोमच्या आणि काथ्याच्या गादीला मात्र गिऱ्हाईक नाही. खोळ काढून फोम कापलात तर कुशनवाले आणि टेम्पोच्या सीट शिवणारे घेतात. ढेकूण असतील तर कुणालाही देऊ नका, तसं सांगूनच झोनकडे मोठा कचरा उचलण्याची विनंती नोंदवा. शुल्क आणि दिवस तिथेच कळेल. जुन्या चादरींना मागणी असतेच. फाटलेली सोलापुरी चादर गॅरेजवाला पुसायला घेतो आणि भटक्या कुत्र्यांची सोय बघणारे थंडीत अंथरायला नेतात.

टायर पंक्चरवाल्याकडे किंवा नवे टायर घेता त्या दुकानात. गच्चीवर एकही ठेवू नका. पावसाचं पाणी साठलं की डेंग्यूचा डास त्यातच अंडी घालतो. आणि जाळायचे तर नाहीतच. उघड्यावर कचरा जाळल्यास ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये दंड, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये दिलेला आहे.

देवाचे जुने फोटो आणि भंगलेल्या मूर्ती ट्रॅक्टरमध्ये टाकायचा धीर कुणाला होत नाही, म्हणून त्या पिंपळाखाली नाहीतर तलावाच्या काठाला जातात. सिद्धेश्वर तलावात अशी भर घालायची काही गरज नाही. फोटोची फ्रेम उघडा, काच कागदात गुंडाळून वेगळी, लाकूड वेगळं, चित्राचा कागद पाण्यात भिजवून लगदा करून कुंडीत. शाडूची किंवा मातीची मूर्ती बादलीत विरघळते. पितळेची असेल तर तांबट-कासारांकडे मोडीत देता येते. प्लॅस्टर ऑफ पॅरिसची असेल तर गणेशोत्सवात मूर्ती संकलन असतं तेव्हापर्यंत कापडात गुंडाळून ठेवायची. घरातल्या वडीलधाऱ्यांना आधी विचारा, मग फ्रेम उघडा. नाहीतर कचऱ्यापेक्षा मोठा प्रश्न उभा राहील.

पत्रे आणि डबर

सिमेंटचे जुने पत्रे हा सगळ्यांत दुर्लक्षित प्रकार. गच्चीवरच्या खोलीवर, न्हाणीवर, माग-शेडवर ते असतात आणि उतरवताना गडी सरळ घणाने फोडतात. या पत्र्यांत ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात. अख्ख्या पत्र्याचा त्रास नाही, फुटल्यावर उडणारी धूळ फुप्फुसात गेली की ती तिथेच राहते आणि कॅन्सर होऊ शकतो, तोही कित्येक वर्षांनी. त्यामुळे उतरवण्याआधी पत्र्यावर पाणी मारून ओला करा, जे-हूकचे नट पाना लावून सोडा आणि पत्रा अख्खा खाली घ्या. ग्राइंडर लावू देऊ नका. गड्यांना पी-१०० किंवा एफएफपी-३ मास्क तुम्ही आणून द्या. रुमालाने भागत नाही. खाली सांडलेले तुकडे ओले करून दुहेरी प्लॅस्टिकमध्ये बांधायचे, डबरात मिसळायचे नाहीत. पुण्याजवळ रांजणगावला घातक कचऱ्याची सामाईक सुविधा आहे, पण ती मुख्यतः कारखान्यांच्या मालासाठी. घरच्या चार पत्र्यांसाठी झोन ऑफिस आणि प्रदूषण मंडळाच्या कार्यालयाला विचारा, आणि उत्तर येईपर्यंत बांधलेली थप्पी झाकून ठेवा. अख्खे पत्रे शेतावरच्या गोठ्यासाठी मागणारे येतात. माझं मत विचाराल तर देऊ नका, कारण तो पुढचा माणूस त्याला भोकं पाडणारच.

आता उरलं डबर. माळवद उतरवलं असेल तर तुळया, कड्या, जुने दरवाजे, गज, शहाबादी फरशी, अख्ख्या विटा आधी विकून टाका. जुन्या बांधकामाचा माल घेणारे घर बघून एकगठ्ठा भाव करतात, तो पहिल्या फेरीत मान्य करू नका. नियमाप्रमाणे काँक्रीट, माती, लोखंड, लाकूड, प्लॅस्टिक, विटा-गिलावा हे वेगवेगळं ठेवायचं असतं. राडारोड्याचं शुल्क आणि आराखडा यांची मोठी भानगड मोठ्या बांधकामांसाठी आहे, तुमचं घर त्यात बसणार नाही. वेगळं मात्र तुम्हालाही करावंच लागतं.

भाव खेपेवर ठरवताना ट्रॉली किती ब्रासची ते विचारा. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. वर ढीग करून नेणार की फळीपर्यंत, हेही आधीच बोला. मग विचारा, ‘कुठे टाकणार?’ महापालिकेने डबरासाठी जागा दिली असेल तर झोनकडून ती लिहून घ्या आणि तिथेच न्यायला सांगा. नुसती माती आणि विटांचे तुकडे असतील तर जोत्यात भराव घालायला बांधकामवाले स्वतः मागतात. हद्दवाढ भागात कुठे ना कुठे भराव चालूच असतो, तिथे वाहतुकीचेही पैसे वाचतात. पहिल्या खेपेला मागे मोटारसायकलवर जा. दुसऱ्या खेपेपासून नाही गेलात तरी चालतं, ड्रायव्हरला कळलेलं असतं.

सगळं झाल्यावर ती ‘हात लावू नये’ लिहिलेली पेटी राहतेच. तिच्यात काय-काय आहे ते कागदावर लिहून झाकणाला आतून चिकटवा. महापालिकेचं केंद्र, दवाखाना, मेडिकल, मोबाइलवाला असं जिथे जे घेतात तिथे ते देत जा आणि यादीतून खोडत जा. घर विकलं असेल तर खरेदीखताच्या आधी ती तिथून हलवा. नव्या मालकाला किल्ल्यांबरोबर हायड्रोचा डबा देणं बरं दिसत नाही.